मुसळधार पावसानंतर सायकल काढायची तर... ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांसाठी सगळं सविस्तर

जुलैमध्ये दोन दिवस धो धो कोसळून पाऊस जरा उघडला की बिल्डिंगमधले सगळे मला एकच विचारतात, आज पण सायकल? हो, बहुतेक वेळा काढते. ठाण्यातल्या चरईतून नवी मुंबईतल्या रबाळ्यापर्यंत माझं रोजचं साधारण १० किलोमीटर होतं, कोर्ट नाका, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली करत. पण कधी काढायची आणि कधी पार्किंगमध्येच राहू द्यायची हे कळायला मला तीन पावसाळे आणि प्लास्टरमध्ये गेलेलं एक मनगट लागलं. हल्ली ऑफिसमधली नवीन मुलं-मुली सायकल घ्यायला लागलीयेत, त्यांच्यातलं कुणी पहिल्याच पावसात पडू नये असं मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं एकदाचं लिहून काढतेय.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठा पाऊस पडून गेला की कालचा रस्ता आज नसतो. काल जिथे सपाट डांबर होतं तिथे आज खड्डा असतो, काल बंद असलेलं झाकण आज सरकलेलं असतं, डोंगराकडून माती वाहून आलेली असते आणि या सगळ्यावर पाणी असतं. आणि पडतो तो नवखा माणूस नाही, रोज जाणारा पडतो, कारण त्याला रस्ता पाठ झालेला असतो. म्हणून माझा नियम एकच, जिथे डांबर डोळ्यांना दिसतंय तिथे सायकल चालवायची, दिसत नाही तिथे उतरायचं.

आदल्या रात्री काय बघायचं

हवामान खात्याचा यलो, ऑरेंज, रेड अलर्ट सगळे बघतात, पण त्यामागचे आकडे माहीत असले तर निर्णय सोपा जातो. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्याच्याही वर गेला की अत्यंत मुसळधार. (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे तो दिवस या मोजपट्टीच्या किती बाहेर होता ते बघा.) यलो असेल तर मी सायकल काढते, ऑरेंज असेल तर रात्री ठरवत नाही, सकाळी उठून पुढच्या तीन तासांचा नाऊकास्ट म्हणजे अगदी ताजा अंदाज आणि रडारचं चित्र बघते मग ठरवते, आणि रेड असेल तर विषयच नाही, त्या दिवशी ट्रान्स हार्बर लोकल नाहीतर घरून काम. यात कमीपणा काही नाहीये.

दुसरी गोष्ट म्हणजे भरती, आणि ही बरेच जण बघतच नाहीत. ठाणे काय नवी मुंबई काय, आपलं सगळं पाणी शेवटी खाडीत जातं. नवी मुंबईत तर सिडकोने शहर वसवताना खाडीच्या कडेला धारण तलाव केले, त्यांची दारं अशी आहेत की ओहोटीला उघडून पाणी खाडीत जातं आणि भरती चढली की मिटतात म्हणजे खाडीचं पाणी शहरात येत नाही. पण दारं मिटलेली असताना वर पाऊस पडत राहिला तर शहरातलं पाणी जाणार कुठे, ते मग बेलापूरसारख्या सखल भागात रस्त्यावर साठतं. म्हणून तेवढाच पाऊस ओहोटीला पडला तर अर्ध्या तासात रस्ता मोकळा होतो आणि साडेचार मीटरच्या वरच्या भरतीला पडला तर दोन-दोन तास पाणी हलत नाही.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आपल्या कोकणपट्टीत अजून चालतो, तिथीची पाऊणपट करायची. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि उधाण त्याच दिवसांत म्हणजे पाणी सगळ्यात वर तेव्हाच चढतं. हा अंदाज आहे, तासभर इकडेतिकडे होतो, नक्की वेळ आणि मीटर टाइड टेबलमध्ये बघायचे. पण कॅलेंडरवर नजर टाकून "उद्या अमावास्या, दुपारी परतायचं नाही" एवढं कळलं तरी खूप झालं. मोठी भरती असेल तर तिच्या आधीचे-नंतरचे दीड-दोन तास मी रस्त्यावर नसते.

सायकलची तयारी

टायरपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवा किती ते छापलेलं असतं, उन्हाळ्यात भरता त्याच्यापेक्षा पावसाळ्यात थोडी कमी भरायची, म्हणजे माझ्या हायब्रिड सायकलचं ३५ मिलिमीटरचं टायर आहे त्यात मी एरवी ६५ पीएसआय भरते आणि पावसात ५५. टायर जरा मऊ राहिलं की रस्त्याला जास्त चिकटतं. फार कमी पण नको, नाहीतर खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. जाड नक्षीचं टायरच पाहिजे असं काही नाही, सायकलच्या वेगाला गाडीसारखं टायर पाण्यावर तरंगत नाही, रबर ताजं असणं जास्त महत्त्वाचं. टायरवर बारीक भेगा दिसायला लागल्या असतील तर पावसाळ्याआधी बदलून टाका.

ब्रेकचं नीट समजून घ्या. रिम ब्रेक असतील तर पाणी लागलेल्या रिमवर पहिल्यांदा दाबल्यावर काहीच होत नाही, रबर आधी पाणी पुसतं, चाक एक-दोनदा फिरतं, मग पकड येते, आणि ती येते तेव्हा एकदम येते. म्हणून पावसात ब्रेक लागायच्या बऱ्याच आधीपासून हलके टेकवून ठेवायचे. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी, पण चिखलाच्या पाण्याने पॅड फार लवकर झिजतात, महिन्यातून एकदा चाक काढून पॅडची जाडी बघाच. आणि चेनला तेलाचा स्प्रे मारताना डिस्कवर एक थेंब उडाला तरी ब्रेक गेला समजा, आधी कापड धरा.

मडगार्ड पूर्ण लांबीचे लावा, सीटखाली खोचतात ते प्लास्टिकचं पातं नाही, मागचं मडगार्ड चाकाच्या निम्म्याच्या खाली आलं पाहिजे आणि पुढच्याला खाली रबरी फडकं पाहिजे. रस्त्यावरच्या पाण्यात गटार असतं, डिझेल असतं, सगळं असतं आणि पुढचं चाक ते थेट तुमच्या तोंडावर उडवतं. लाइट मागे लाल पुढे पांढरा, दिवसा पण चालू, ढग दाटले की सकाळी दहालासुद्धा ट्रकवाल्याला काचेतून तुम्ही दिसत नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात. पोंचो नको, तो पांघरलेला असतो, वारा भरला की शिडासारखा ओढतो आणि टोक चाकात जाण्याची भीती वेगळी. भडक रंगाचं विंडचीटर बरं, आतून घामाने भिजणारच आहात तर ऑफिसचे कपडे बॅगेत न्यायचे. बॅगेचं रेनकव्हर पाठीकडून गळतं म्हणून आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालायची आणि सामान तिच्यात. हेल्मेटखाली पुढे चोच असलेली पातळ टोपी घाला, पावसाचे थेंब डोळ्यात जात नाहीत, चष्मेवाल्यांना तर फारच उपयोग होतो. पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर्स, चप्पल अजिबात नको.

रस्त्यावर कुठे काय घसरतं

लोकांना वाटतं रस्ता जेवढा ओला तेवढा जास्त निसरडा, पण तसं नाहीये. सगळ्यात वाईट असतात ती पहिली पंधरा-वीस मिनिटं, खास करून चार-पाच दिवस उघडीप झाल्यावर सर येते तेव्हा, कारण रस्त्यावर साठलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून साबणासारखा थर होतो. ठाणे-बेलापूर रोडला एमआयडीसीचे ट्रक, टँकर दिवसभर चालतात, तिथे हे हमखास. जोरदार पाऊस तासभर पडला की तो थर धुऊन जातो आणि उलट बरी पकड मिळते. म्हणून सर आली की मी एखाद्या टपरीच्या आडोशाला थांबते, दहा-पंधरा मिनिटं जाऊ देते.

लोखंड आणि रंग यांच्यापासून सांभाळा. मॅनहोलचं झाकण, उड्डाणपुलाच्या जोडावरची पट्टी, खोदकामावर टाकलेली प्लेट, झेब्रा क्रॉसिंगचा जाड पांढरा रंग, या सगळ्यांवर ओलं टायर काचेवर असल्यासारखं चालतं. माझं मनगट अशाच एका प्लेटवर गेलं. रबाळ्याच्या अलीकडे रस्ता खणून वर लोखंडी प्लेट टाकली होती, जरा वाकडी, एका बाजूला बोटभर वर आलेली. मी वेगात पण नव्हते. फक्त प्लेटवर असताना हँडल जरासं उजवीकडे वळवलं, कारण पुढे खड्डा दिसला, आणि पुढचं चाक डावीकडे निघून गेलं. कळायच्या आत मी जमिनीवर, तळहात पुढे टेकलेला. तेव्हापासून लोखंडावरून जाताना मी चार गोष्टी करत नाही, वळत नाही, ब्रेक मारत नाही, जोरात पेडल मारत नाही आणि अंग झुकवत नाही. जे काय वळायचं, हळू व्हायचं ते प्लेटच्या आधी उरकायचं आणि वरून चाक सरळ ठेवून तसंच घरंगळत जायचं. घोडबंदर रोडवरून कापूरबावडी, कासारवडवलीकडे जाणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवा, मेट्रोच्या कामामुळे तिथे बॅरिकेड, प्लेटा, उंचसखल तुकडे यांची सवय करून घ्यावी लागते.

काँक्रीट आणि डांबर जिथे मिळतात तिथली लांब फट बघा. पावसात ती पाण्याने भरते आणि दिसत नाही. तिच्या समांतर चालवत असाल तर चाक आत अडकून हँडल हातातून जातं, म्हणून ओलांडायची असेल तर जेवढी आडवी घेता येईल तेवढी आडवी घ्या.

सायकल ट्रॅक आणि फुटपाथच्या कडेचे पेव्हर ब्लॉक. आता इथे माझं मत वेगळं आहे आणि काही जण चिडतील, पण मोठ्या पावसानंतर पहिले दोन-तीन दिवस मी पाम बीचच्या बाजूचा ट्रॅक किंवा कुठलाही झाडाखालचा ट्रॅक वापरत नाही, रस्त्याच्या डाव्या लेनमधून जाते. कारण रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी माती, पानं बाजूला फेकली जातात, ट्रॅकवर ती तशीच पडून राहतात, त्यात पेव्हर ब्लॉकवर हिरवं शेवाळ धरतं आणि गुलमोहराच्या पाकळ्या, सोनमोहराचा पिवळा सडा कुजून नुसता चिकट गिळगिळीत थर होतो. दिसायला ते इतकं सुंदर दिसतं की माणूस मुद्दाम त्याच्यावरून जातो. कोपनहेगनमध्ये म्हणे बर्फ पडला की मुख्य सायकल ट्रॅक गाड्यांच्या रस्त्याच्या आधी साफ करतात, कारण दोन चाकांवरचा माणूस आधी पडतो हे त्यांना समजलंय. आपल्याकडे पाऊस थांबल्यावर ट्रॅकवरून एकदा झाडू फिरला तरी कितीतरी लोक सायकल सोडून देणार नाहीत.

येऊरच्या डोंगरावर जाणाऱ्यांसाठी एवढंच, चढताना काही होत नाही, उतरताना होतं. ओल्या उतारावर दोन्ही ब्रेक आळीपाळीने, वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही.

आणि रस्त्याच्या अगदी कडेने चालवू नका. सगळं पाणी कडेलाच असतं, गटाराच्या जाळ्या कडेलाच असतात, खड्डे पण तिथूनच सुरू होतात. कडेपासून तीन-साडेतीन फूट सोडून, एका रेषेत, हात दाखवत. मागचा हॉर्न मारेल, मारू दे. तुम्ही कडेला घुसलात आणि खड्डा चुकवायला अचानक बाहेर आलात तर जास्त धोका आहे.

पाणी साठलं असेल तर

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं हे आमच्याकडच्या सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी सकाळी तिथे पोचले, पाणी होतं पण रिक्षा जात होत्या, मला वाटलं एवढं काय, जाईल आपली पण. बाजूला एक दूधवाले काका सायकल धरून उभे होते, जुनी काळी रॉड ब्रेकची सायकल, दोन्ही बाजूला कॅन. ते म्हणाले, "पोरी, थांब जरा. बस येऊ दे."

मी म्हटलं, "बस आली की अजून पाणी उडेल ना काका?"

"उडू दे की. बसच्या मागं बघ तू."

बस गेली. तिच्या चाकांनी पाणी दोन्ही बाजूंना ढकललं आणि मागे क्षणभर, अगदी एक-दोन सेकंद, पाणी पातळ झालं. त्या तेवढ्यात डाव्या अंगाला दिसला, परातीएवढा खड्डा, कडेला खडी उघडी पडलेली. मी बरोबर त्याच रेषेत जाणार होते. मग काकांनी कॅनला अडकवलेली छत्री काढली, पुढे टेकवत टेकवत, सायकल हाताने ढकलत मधून निघाले आणि मी त्यांच्या मागून, त्यांच्या पावलात पाऊल ठेवत. छत्री आत गेली की थांबायचे, बाजूला टेकवून बघायचे, मग पाऊल. पलीकडे गेल्यावर काही न बोलता सायकलवर बसले आणि गेले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पाण्यापाशी आल्यावर आधी थांबते आणि दोन मोठ्या गाड्या जाऊ देते. गाडी कुठे उडते, कुठे कलते, तिच्या मागे तळ कसा दिसतो ते बघते. पाणी एका जागी गोल फिरत असेल किंवा खाली ओढलं जात असेल तर तिथे झाकण उघडं आहे असंच धरायचं, जवळ पण जायचं नाही, कारण पाणी उपसायला झाकणं उघडली जातात आणि खूण म्हणून लावलेली फांदी वाहून जाते. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये गेले, तेही चालत जात असताना.

खोलीसाठी माझं माप पेडल आहे. खाली आलेलं पेडल पाण्याला लागतंय म्हणजे चार इंचांच्या आसपास पाणी आहे, तिथे उतरायचं. त्याच्या वर पाणी गेलं की तळ दिसत नाही, आणि अजून चढलं की पेडलच्या आसात, चाकाच्या हबमध्ये पाणी शिरून ग्रीस धुऊन निघतं, दुरुस्तीचा खर्च वेगळाच. आणि वाहत्या पाण्यात चालत पण जायचं नाही, सहा इंच पाणी जोरात वाहत असेल तर मोठ्या माणसाचा तोल जातो, हातात सायकल असेल तर अजून लवकर. ढकलत जाताना रस्त्याच्या मधून जा, दिव्याचा खांब, ट्रॅफिक सिग्नलचा खांब, विजेची डीपी यांच्यापासून लांब. आधाराला खांब धरायची सवय असते ती मोडा, करंट उतरलेला असला तर वरून काहीच कळत नाही.

पाणी जास्त असेल तर मागे फिरा. विटावा बंद असेल तर मुलुंड-ऐरोली पुलावरून वळसा पडतो, पण पुलावर खाडीचा आडवा वारा फार, अंगात ताकद असेल तरच. नाहीतर सायकल ओळखीच्या दुकानात कुलूप लावून ठेवायची आणि स्टेशन गाठायचं. कळव्यातल्या एका किराणावाल्या दादांनी माझी सायकल दोनदा दुकानात आत घेऊन ठेवलीये. आपल्या रूटवर अशा दोन-तीन ओळखी उन्हाळ्यातच करून ठेवा.

घरी आल्यावर, जेवायच्या आधी

एकदा दमून आले आणि सायकल तशीच लावली, सकाळी बघते तर चेनवर नारिंगी पूड आली होती, एका रात्रीत, बोट फिरवलं तर बोट रंगलं. आपल्याकडे खाडीची दमट खारी हवा, चिखल, त्यात रात्रभर ओली चेन, अजून काय होणार. म्हणून आल्या आल्या पंधरा मिनिटं द्यायचीच.

बादलीभर साध्या पाण्याने चिखल उतरवायचा, वरून हळू ओतून. प्रेशरचा पाइप हब आणि पेडलच्या आसावर मारायचा नाही, पाणी आत घुसतं. जुन्या बनियनचं कापड घेऊन चेन पकडायची, पेडल उलटं फिरवत चेन पुसत राहायची, कापडावर काळं येणं कमी होईपर्यंत. मग सुकू द्यायची, घाई असेल तर डब्ल्यूडी-फोर्टी मारून पाणी बाहेर काढायचं, पण ते वंगण नाही हं, त्याच्यावरच थांबू नका, पुसून घेऊन वरून वेट ल्यूब म्हणजे पावसाळ्यासाठीचं चेनचं तेल, प्रत्येक कडीवर एक थेंब. दहा मिनिटांनी वरवरचं तेल परत पुसायचं. हे शेवटचं पुसणं लोक टाळतात आणि मग तेच तेल दुसऱ्या दिवशी वाळू धरून चेन घासून काढतं.

रिम ब्रेकचे रबर काढून बघा, त्यात वाळूचे कण, कधी ॲल्युमिनियमचे चकचकीत तुकडे रुतलेले असतात, पिनेने टोकरून काढा नाहीतर ते रिम खरवडतात. आठवड्यातून एकदा सीटचा दांडा खूण करून पूर्ण काढायचा आणि सायकल उलटी करायची. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या फ्रेममधून पेलाभर गढूळ पाणी पडलं होतं.

स्वतःचे पाय पण बघा. साबणाने गुडघ्यापर्यंत धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पायाला कुठे खरचटलं असेल, भेग असेल आणि तुम्ही साठलेल्या पाण्यातून गेला असाल तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची भीती असते, उंदरांच्या मुतातून ते जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून शिरतात. अशा वेळी ताप यायची वाट न बघता २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवून घ्या, प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते तेच ठरवतील, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कधीही ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना आधी हे सांगा की मी अमुक दिवशी पाण्यातून गेले होते.